‘उन्’चं भाषांतर

चाळिशी उलटल्यावर मी ज्या कॉलेजात शिकायला गेले ते ख्रिस्ती आहे, लुथरन पंथाचं आहे, हे मला प्रवेश घेतल्यावर कळलं असं मी पुण्यातल्या मैत्रिणींना सांगत असे. ते खोटं होतं. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर चॅपलचा फोटो होता आणि गेटवरच्या दगडात नाव कोरलेलं होतं. पण सासूबाईंना फोनवर सांगताना मी घाईघाईनं ‘समाजकार्याचं कॉलेज आहे’ एवढंच म्हणाले, आणि एकदा अर्धं सांगून झालं की उरलेल्या अर्ध्याला मुहूर्त सापडत नाही. पुढे तीन वर्षं सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत राहिल्या की आमची सून जपानात सरकारी कॉलेजात शिकते. मीही ते खोडून काढलं नाही.

कॉलेज चिबाच्या बाजूला एका टेकडीवर आहे. आम्ही राहतो ग्योतोकुत. सकाळी तोझाय लाइनच्या स्टेशनवर आमच्या भागातले सगळे भारतीय नवरे लॅपटॉपच्या पिशव्या पोटाशी धरून तोक्योच्या गाडीची वाट बघत उभे असत आणि मी समोरच्या फलाटावर. उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळायची, त्यामुळे माझा निम्मा अभ्यास तिथंच झाला. पुढे गाडी बदलायची, मग बस, मग चढ. वर पोचलं की एकदम शांत. एक चॅपल, वर्गांच्या दोन इमारती, ग्रंथालय, कँटीन आणि मधे मोठमोठी झाडं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत जेवढी माणसं आहेत तेवढीही तिथं विद्यार्थी आणि शिक्षक मिळून नसतील. दुसऱ्याच आठवड्यात कँटीनच्या मावशींना माहीत होतं की मी मांस खात नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना हेही माहीत होतं की मला वांगं आवडत नाही.

मी तिथं जाऊन पोचले त्याला कारण माझा स्वभाव. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही जपानला आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या बालवाडीसाठी म्हणून मी जपानी शिकायला लागले आणि नेटानं शिकले. मग नव्यानं आलेल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. ताई, जरा दवाखान्यात येता का. ताई, शाळेतून हे पत्र आलंय, काय म्हणतायत बघा ना. कचरा चुकीच्या दिवशी टाकला म्हणून खालच्या आजोबांनी चिठ्ठी लावलीय, तुम्हीच बोला. मी सगळीकडे जायची, बोलायची आणि विचारलेल्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगून यायची. सिटी ऑफिसातल्या एका बाईंनी एकदा सुचवलं की हे सगळं तुम्ही करताच आहात तर रीतसर शिका. मला ते लगेच पटलं, कारण माझ्या मते मला शिकायचं असं फारसं उरलेलं नव्हतं, फक्त सर्टिफिकेट घ्यायचं होतं.

मी सांगतेय ते तिसऱ्या वर्षातलं. त्या ऑक्टोबरात नवऱ्याच्या कंपनीनं त्याला पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा देऊ केली. मार्चमध्ये परत जायचं. त्याचे आईवडील थकत चालले होते, आणि बारा वर्षं आम्ही ‘अजून दोन वर्षं’ म्हणतच काढली होती. मुलीच्या दृष्टीनंही हीच वेळ बरी होती. ती जपानी शाळेत नववीला होती, आणि इथं राहायचं तर फेब्रुवारीत हायस्कूलची प्रवेशपरीक्षा द्यायला लागणार होती. द्यायची की नाही, ते नोव्हेंबरअखेर तिच्या वर्गशिक्षकांसमोर आम्ही सगळ्यांनी बसून सांगायचं होतं. व्हिसाची अडचण नव्हती, कायम राहायचा परवाना केव्हाच मिळालेला होता. प्रश्न फक्त मुलीच्या मनाचा होता आणि तो सुटलेला होता. आम्ही तिला विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. माझं कॉलेजचं एक वर्ष राहणार होतं, पण ते मी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान सगळ्यांना तसं सांगत होते.

तर त्या कॉलेजात पहिल्या आणि दुसऱ्या तासाच्या मधे रोज वीस मिनिटं चॅपल असायचं. सक्ती अजिबात नाही. पहिल्या हिवाळ्यात मी आत गेले ती तिथला हीटर चांगला चालतो म्हणून. आत काही म्हणजे काही नाही. पांढऱ्या भिंती, एक लाकडी क्रॉस, टेबलावर दोन मेणबत्त्या. आमच्या देवघरात देवापेक्षा फुलं जास्त असतात, त्यामुळे मला ती खोली सामान यायच्या आधीच्या फ्लॅटसारखी वाटली. एक गाणं म्हणायचं, बायबलातल्या चार ओळी वाचायच्या, मग कुणीतरी पाच-सात मिनिटं बोलायचं. बोलायच्या पाळ्या असत. पाद्री व्हायला शिकणारी मुलं बोलत, ऑफिसातले लोक बोलत, एकदा कँटीनच्या मावशी बोलल्या. त्या स्वतः ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी मिसो सूपमध्ये मुळा कधी घालायचा ते सांगितलं आणि खाली उतरल्या. ऑर्गन वाजवणारी मुलगी अजून शिकत होती, एका गाण्यात एका ठरावीक जागी ती हटकून अडखळायची. तिथं आम्ही सगळे तिच्यासाठी थांबायचो आणि तिला पुढचा सूर सापडला की पुढे गायचो. कुणी मागे वळून बघायचं नाही, कुणी हसायचं नाही. मला हे फार आवडायचं, आणि फक्त तेवढ्यासाठी मी उन्हाळ्यातही जायला लागले.

त्रास व्हायचा तो शेवटच्या मूक प्रार्थनेचा. सगळे मान खाली घालून गप्प. मिनिटभरच, पण ते मिनिट मला संपता संपायचं नाही. आमच्या घरात कुणी गप्प बसलं की आधी विचारतात, काय झालं, कुणी काही बोललं का, अंग गरम आहे का. गप्प बसणं म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि त्यावर कुणीतरी उपाय करायला पाहिजे. मी तिथं बसून संध्याकाळी कुठली भाजी करायची ते ठरवायची, आणि तेही ठरलं की डोळे किलकिले करून बाकीच्यांकडे बघायची.

नेमका अभ्यासक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा विषय हाच निघाला. ऐकणं. पहिल्या वर्षापासून आठवड्यातून एक तास त्याचा असायचा. दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या, एकानं आपली अडचण सांगायची, दुसऱ्यानं नुसती ऐकायची. सल्ला द्यायचा नाही. पहिल्या वर्षी माझ्या जोडीला सेंदाईहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, मला अलीकडे झोप लागत नाही. मी मिनिटाच्या आत तिला हळद घातलेलं दूध, तळपायांना तेल, फोन दुसऱ्या खोलीत, आणि कोंबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली, संध्याकाळची अर्धवेळ नोकरी सोडून सकाळची बघ, असे चार उपाय दिले. शेवटी तिनं माझ्याबद्दल कागदावर दोन ओळी लिहायच्या होत्या. तिनं लिहिलं, ‘फार प्रेमळ आहेत. मला थोडं दमायला झालं.’ जपानी मुलगी एवढं लिहिते म्हणजे बिचारी अगदी मेटाकुटीला आली असणार.

तो तास घेणाऱ्या सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या होत्या. कॉलेजात शिकवायला येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं हॉस्पिटलात सोशल वर्कर म्हणून काढली होती. आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरूनही पुढे वाकायला लागायचं. तिसऱ्या वर्षी मी त्यांना अभिमानानं सांगितलं की सल्ला द्यायच्या आधी मी आता तीन मिनिटं थांबू शकते. त्या म्हणाल्या, छान, आता चौथ्या मिनिटाचं बघू.

त्या शरदात त्यांनी आम्हाला संभाषणाची शब्दशः नोंद करायला दिली. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाशी, त्याची परवानगी घेऊन, अर्धा तास बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि मग शब्दन् शब्द लिहून काढायचा. काही गाळायचं नाही, काही सुधारायचं नाही. खोकला आला तर खोकला लिहायचा, कुणी गप्प राहिलं तर किती सेकंद ते लिहायचं. तीन रकाने. एकात समोरच्याचं बोलणं, दुसऱ्यात आपलं, तिसऱ्यात त्या क्षणी आपल्याला काय वाटलं ते. मी विचारलं, आमच्या घरात मराठी बोलतात, मग काय करू? त्या म्हणाल्या, मराठीतच लिहा आणि खाली मला जपानी भाषांतर द्या.

मी मुलीला बसवलं. रविवारची दुपार होती, नवरा भारतीय दुकानातून पीठ आणायला गेला होता. मुलगी म्हणाली, होमवर्क आहे ना, मग लवकर आटप. टेबलावर फोन ठेवला, ती संत्रं सोलत होती, आणि मी विषय काढला तो पुण्याला जायचा. विषय सोपा होता. सगळं ठरलेलंच होतं, त्यामुळे वादावादी व्हायची भीती नव्हती, आणि माझी नोंद छान स्वच्छ झाली असती.

लिहून काढायला मात्र चार दिवस लागले. आपलंच बोलणं शब्दशः लिहिणं हा एक शिक्षेचाच प्रकार आहे. ‘म्हणजे बघ’ हे मी एका पानात किती वेळा म्हणते ते मला तेव्हा कळलं. मुलीचा रकाना भरायला सोपा होता. ती बारा वर्षं जपानात वाढलेली, आम्ही मराठीत बोलतो, ती जपानीत उत्तर देते, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी लिहिलं:

मी: मार्चनंतरचं कसं वाटतंय तुला? म्हणजे बघ, तिकडे आजी-आजोबा आहेत, आत्याच्या मुली आहेत तुझ्याच वयाच्या.

ती: उन्.

मी: शाळा पण आपण चांगलीच बघितलीये.

ती: उन्.

मी: मराठीचा तुला प्रश्नच नाही. सगळे म्हणतात किती गोड बोलते.

ती: उन्. पण तिकडे मी

मी: ते सगळं बाबा बघणारेत, तू कशाचीच काळजी करू नकोस.

ती: उन्.

असं सहा पानं. खाली मी जपानी भाषांतर केलं. घरच्यांशी बोलताना ‘हो’साठी म्हणतात ते ‘उन्’ नुसतं ठेवलं तर फारच त्रोटक दिसत होतं, म्हणून मी प्रसंगाप्रमाणे लिहिलं, ‘हो, मलाही तसंच वाटतं.’ ‘हो, तसंच करू या.’ तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘मुलगी समंजस आहे. मला समाधान वाटलं.’ आणि त्या अर्धवट वाक्याच्या समोर, ‘शाळेची थोडी काळजी वाटत असावी.’

पुढच्या आठवड्यात सेन्सेईंनी एकेकाला आपल्या खोलीत बोलावलं. खोली लहान, पुस्तकं जमिनीवर आलेली. त्यांनी मला गरम चहा दिला आणि पेन्सिल हातात घेऊन माझे कागद वाचायला लागल्या. मला वाटत होतं की त्या माझ्या ‘म्हणजे बघ’वर बोलतील. त्यांनी पेन्सिल ‘उन्’पाशी ठेवली.

“हे मराठी आहे का?” त्यांनी विचारलं.

मी हसून म्हणाले, नाही, ही तर जपानीतच बोलली आहे.

“मग तुम्ही जपानीचं जपानीत काय भाषांतर केलंत?”

मी काहीतरी सांगायला लागले. आमच्या भाषेतही जवळजवळ असाच आवाज आहे, हं, आणि तो होकारासाठी वापरतात, म्हणून सवयीनं तसं झालं. त्यांनी मान हलवली. मग पानं परत पहिल्यापासून उलटली आणि प्रत्येक ‘उन्’खाली बारीकशी रेघ ओढली. सहा पानांत एकवीस रेघा झाल्या.

“यातलं ‘हो’ कुठलं आहे?”

मी म्हणाले, सगळीच. त्या काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. किती सेकंद ते मी मोजले नाहीत, पण बाहेर कुणीतरी पानं झाडत होतं आणि ते झाडून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेलं एवढं कळलं. शेवटी त्यांनी कागद मला परत दिले, शेरा न लिहिता. म्हणाल्या, रेकॉर्डिंग परत एकदा ऐका, माझ्यासाठी नको, आणि लिहायलाही नको.

टेकडी उतरताना मला भयंकर राग आला होता. मोठ्यानं मराठीत बडबडत मी बसस्टॉपपर्यंत आले. माझी मुलगी मला कळत नाही, असं हिचं म्हणणं आहे का? पंधरा वर्षं वाढवली मी तिला. परक्या देशात, ना माहेर जवळ ना सासर. आणि ही बाई, मूल ना बाळ, पेन्सिल घेऊन रेघा ओढते. हे मनात आलं ते इथं लिहितेय, कारण शब्दशः लिहायचं असं मी शिकले आहे, पण त्याची मला नंतर बराच काळ लाज वाटली.

गाडीत कानात इअरफोन घातले. माझा आवाज मला नेहमीपेक्षा उंच वाटला. पहिल्यांदा मी शब्द ऐकले, ते सगळे पाठच होते. दुसऱ्यांदा मी फक्त तिचा आवाज ऐकायचा ठरवला, आणि लक्षात आलं की तिचं प्रत्येक ‘उन्’ सारख्याच सुरात आहे. वर नाही, खाली नाही. मला एकदम माझं लहानपण आठवलं. आई गोष्ट सांगायची आणि आम्ही भावंडं हुंकार द्यायचो. हं. हं. राजा वनात गेला, हं. राक्षसानं राजकन्येला खाल्लं, हं. हुंकार थांबला की आई समजायची, मुलं झोपली. आम्हाला राक्षसाचं म्हणणं पटलंय असं तिला कधी वाटलं नाही. हुंकार म्हणजे जागी आहे, ऐकतेय, एवढंच. ही गोष्ट मला जपानीत शिकायची काहीच गरज नव्हती. माझी मुलगी महिनाभर मला हुंकार देत होती आणि मी तिचा होकार धरून तिकिटं बघत बसले होते.

आणि ते अर्धवट वाक्य. पण तिकडे मी. त्यानंतर तिनं श्वास घेतलेला ऐकू येतो. बोलायच्या आधीचा. मग माझा आवाज.

त्या शनिवारी सकाळी मी तिला म्हणाले, चल, नदीवर जाऊन येऊ. आमच्या घरापासून एदो नदीचा बांध जवळ आहे. खाली मैदानात लहान मुलं बेसबॉल खेळत होती, त्यांचे आईवडील कडेला घड्या घालायच्या खुर्च्यांवर बसले होते. आम्ही वरून चालत राहिलो. काय काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं आणि सेन्सेईंच्या हिशेबानं ते सगळंच चुकीचं होतं. म्हणून एकच वाक्य बोलले. त्या दिवशी तू ‘पण तिकडे मी’ म्हणालीस, त्याच्या पुढे काय होतं?

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. हे परत होमवर्क आहे का म्हणाली. मी म्हणाले, नाही, फोन घरी ठेवलाय. मग ती गप्प झाली. पुलावरून तोझाय लाइनची एक गाडी गेली, मग उलटी एक आली. मला काहीही करून बोलावंसं वाटत होतं. थंडी वाजतेय का, भूक लागलीय का, काहीही. मी हाताची बोटं जॅकेटच्या खिशात घट्ट धरून ठेवली.

“मराठीत मी ओमोशिरोइ नाहीये,” ती म्हणाली.

ओमोशिरोइ म्हणजे मजेशीर. ज्या माणसाच्या बोलण्यानं लोक हसतात, ज्याच्याशेजारी बसायला मिळावं असं वर्गात सगळ्यांना वाटतं, अशा माणसाला म्हणतात. मग ती सांगायला लागली, मधे मधे थांबत, अर्धं जपानीत आणि अर्धं माझ्यासाठी मराठीत. वर्गात ती काहीही बोलली की सगळे हसतात. शाळेतले सेन्सेईसुद्धा हसतात. सहलीच्या बसमध्ये माईक तिच्याच हातात देतात. पुण्यात गेलं की ती काही बोलली की सगळे म्हणतात, किती गोड बोलते.

“मी गोड नाहीये, आई,” ती म्हणाली. “मला मराठीत तेवढंच येतं म्हणून गोड वाटते.”

त्या वेळी माझ्या तोंडाशी किती गोष्टी आल्या ते आठवलं तरी मला घाम फुटतो. सहा महिन्यांत येईल गं. आत्याच्या मुली शिकवतील. तू एवढी हुशार आहेस. भाषा काय, कानावर पडली की येते. सगळी वाक्यं चांगली होती, प्रेमाची होती, आणि त्यातलं एकही तिनं जे सांगितलं होतं त्याचं उत्तर नव्हतं. मी गप्प राहिले. आणि गप्प राहिल्यामुळे मला दुसरंच काहीतरी कळलं. माझी मुलगी मजेशीर आहे हे मला माहीतच नव्हतं. घरात ती शांत असते. तिच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी लिहून यायचं की तिच्यामुळे वर्गाचं वातावरण हसतंखेळतं राहतं. मी ते वाचून तिला बजावत आले होते की तासाला बडबड करत जाऊ नकोस.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्याला आधी ते पटलंच नाही आणि मग वाईट वाटलं. ती माझ्याशी का नाही बोलली, असं त्यानं मला दोनदा विचारलं. मजेशीर नाही हे काय कारण झालं का, असंही म्हणाला. मी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो ऐकत बसला, मग उठून उगीचच खिडकी लावली, परत उघडली.

दुसऱ्या दिवशी जेवताना न राहवून तो तिला म्हणालाच, “बरं मग, हसव बघू आम्हाला.”

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. असं कुणाला फर्मान सोडून हसवता येतं का? मुलगी ताटातलं वरण बघत राहिली. मग तिनं माझा फोन उचलला, टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला, तो सरळ आहे की नाही हे मान तिरकी करून बघितलं, आणि माझ्या आवाजात म्हणाली, “हं, बोल. अगदी मोकळेपणानं बोल. काय वाटतंय तुला? म्हणजे बघ, छानच वाटतंय. वाटणारच. मला माहितीये काय वाटतंय. बोल ना, तू काही बोलतच नाहीस बाई.” आणि मग खुर्चीत दुसऱ्या बाजूला सरकून, तोंड उघडून, श्वास आत घेऊन, बोलायच्या बेतात असलेली ती स्वतः. लगेच परत इकडे सरकून मी. “कळलं, कळलं. ते बाबा बघणारेत.”

नवरा आधी दचकला आणि मग असा हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. हातवारे माझे, ‘बाई’ म्हणताना जरासा हेल काढायची सवय माझी, पदर नसताना पदर सारखा करण्याची खोड माझ्या आईकडून आलेली. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. सहा पानं लिहून मला जे दिसलं नव्हतं ते तिनं अर्ध्या मिनिटात करून दाखवलं. आम्ही तिघं हसत होतो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की हे सगळं मराठीत होतं. चक्क पुणेरी मराठीत. मराठीत तिला हसवता येत होतं.

ते नवऱ्याच्याही लक्षात आलं. त्याचा चेहरा उजळलेला मला दिसला. डोळे पुसता पुसता त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी आम्हा दोघांच्याही जिभेवर एकच वाक्य होतं. येतंय की तुला. बघ, येतंय की. एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर तिच्याकडे बोलायला काही उरलं नसतं. ती ‘उन्’ म्हणाली असती, आणि मार्चमध्ये आम्ही तिघं पुण्याला गेलो असतो, सासूबाई स्टीलच्या डब्यात लाडू भरून वाट बघत बसल्या असत्या. मला हे सगळं हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. मी नवऱ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

त्यानं तोंड मिटलं. पाणी प्यायला.

“कुठल्या शाळेत जायचंय तुला?” त्यानं विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं. ती बोलायला लागली. दोन हायस्कुलं, एक जवळचं आणि एक अवघड, अवघड शाळेत नाटकाचा क्लब आहे, तिथल्या मुलींनी केलेलं नाटक तिनं मैत्रिणीबरोबर जाऊन बघितलंय, हे आम्हाला माहीत नव्हतं. भात गार झाला. नवऱ्यानं मधेच एकदा सांगितलं की आई-बाबांना फोन तो करेल, मी करू नये, आणि पुढे ऐकायला लागला. ती बोलत असताना मी तिच्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते, कारण तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. आम्ही मार्चचं पुण्याचं तिकीट काढलं ते त्याच्या एकट्याचं.